मोटारीला बांधलेलं इरलं

पोलादपूरकडे अजून चार म्हातारी माणसं असतील, ज्यांना मी 'मोटारीला इरलं घालणारी' म्हणून आठवते. जळो मेली ती आठवण! इरलं मी केलं होतं, हे खरं. पण मोटारीच्या तोंडावर ते आवळून बांधलं माझ्या सख्ख्या भावानं, आणि नाव लावलं माझं. इतकी वर्षं झाली तरी माझा राग गेलेला नाही.

भाऊ माझ्याहून बराच लहान. आई गेली तेव्हा तो रांगत होता आणि मी परकर नेसत होते. त्याला मी भरवलं, न्हाऊ घातलं, कडेवर घेऊन महाडच्या शाळेतसुद्धा बसले. मोठा झाल्यावर तो मुंबईला गेला आणि एका मोटारींच्या कारखान्यात हाताखाली राहून काम शिकला. माझं लग्न तोवर पोलादपूरजवळच्या एका खात्यापित्या घरात झालं होतं. घरातले कर्ते माझे थोरले दीर. त्यांना आम्ही भावजी म्हणायचो. शेती बक्कळ, पण भावजींना नाद नव्या गोष्टींचा. महाबळेश्वरचा एक साहेब विलायतेला परत चालला होता, त्याची अमेरिकन मोटार त्यांनी घेतली. दासगाव बंदरावरून महाड, तिथून पोलादपूर, आणि उघडीप असली की आंबेनळीचा घाट चढून थेट महाबळेश्वर, असे उतारू न्यायचं त्यांनी ठरवलं.

आता प्रश्न ड्रायव्हरचा. मी सासूबाईंना सांगितलं आणि सासूबाईंनी भावजींना. धाकट्याच्या बायकोनं थोरल्या दिराशी थेट बोलायची आमच्याकडे रीत नव्हती. ते समोर आले की पदर पुढं ओढून बाजूला व्हायचं, आणि काही सांगायचं असलंच तर सासूच्या नाहीतर नवऱ्याच्या तोंडून सांगायचं. "माझा भाऊ इमानी हाय. मोटार जिवापाड सांभाळील. मी जामीन ऱ्हाते," असं मी सासूबाईंकरवी कळवलं. माझ्या शब्दावर त्याला बोलावणं गेलं. मुंबईची नोकरी सोडून तो आला, खाकी कोट घालून, केसांना तेल चोपडून. मला काय आनंद झाला होता म्हणून सांगू! माहेर चालत दारात आलं असं वाटलं.

ती मोटार म्हणजे वेगळंच प्रकरण होतं. तिला पाणी लागायचं नाही. बाकीच्या मोटारी घाट चढताना मध्येच उकळायच्या, तोंडातून वाफ सोडायच्या. मग ड्रायव्हर डबा घेऊन झऱ्याकडे पळायचा आणि उतारू रस्त्याच्या कडेला विड्या ओढत बसायचे. आमची मोटार त्यांच्या अंगावरून भर्रकन पुढं. लोक म्हणायचे, हिच्यात काहीतरी बाहेरचं हाय. भावजी मिशीतल्या मिशीत हसायचे.

एका दुपारी घरात पुरुषमाणूस नव्हतं, तेव्हा भावानं आंगणात मोटारीचं पुढचं झाकण उघडलं आणि मला हाक मारली. "गो ताय, ये बघ. हिला पाणी नको, वारा पायजे. हा पुढं पंखा. इंजिनाबरोबर फिरतो. तो पुढनं वारा ओढतो नि या पत्र्याच्या नळातनं मागं ढकलतो. खाली हे सिलिंडर, ओळीनं. प्रत्येकाच्या अंगावर या पातळ पट्ट्या बसवल्यात. वारा वरनं शिरतो, पट्ट्यांमधनं खाली उतरतो, त्यांची आग घेतो नि खालनं भायेर पडतो."

"मग पत्र्याचा नळ कशाला?" मी विचारलं. "पंख्याचा वारा लागतोच की."

"तू चुलीत फुंकणीनं फुंकतेस का नुसत्या तोंडानं?"

कळलं मला. नुसत्या तोंडानं फुंकलं तर राख डोळ्यांत, आणि फुंकणी असली की वारा नेमका निखाऱ्यावर. "नि ध्यानात ठेव," तो म्हणाला, "आत यायची वाट मोकळी पायजे नि भायेर जायचीपण. कुठं अडलं की शेवटचा सिलिंडर पयला मरतो, कारण त्याच्यापर्यंत वारा पोचतच नाय." मग त्यानं इंजिन चालू केलं आणि माझ्या हातात वातीचा कापूस दिला. मी तो पंख्यासमोर धरला मात्र, बोटांतून सुटला आणि जाळीला जाऊन चिकटला. मी दचकले, तो टाळ्या पिटून हसला. त्याच्या अंगाखांद्याला तेलाचा वास येत होता आणि मला त्याचा फार अभिमान वाटत होता.

हे सगळं एवढ्यासाठी लिहिलं, की वाऱ्याचं त्याला कळत नव्हतं असं नाही आणि मला कळत नव्हतं असंही नाही.

पावसाळा अर्धा सरला, नारळीपौर्णिमेनंतर बोटी सुरू झाल्या. गणपतीसाठी मुंबईची माणसं दासगावला उतरू लागली. उतारू भरपूर, पण पाऊसही भरपूर. पंखा वाऱ्याबरोबर पाऊस ओढायचा, पाणी आत प्लगांवर उडायचं, इंजिन खोकायचं आणि मध्येच गप्प व्हायचं. उन्हाळ्यात ज्या मोटारींना आम्ही मागं टाकलं होतं, त्या आता शिंगं वाजवत पुढं जायच्या. भाऊ वैतागला. पडवीत येऊन म्हणाला, "ताय, एक मोठं इरलं करून दे. मोटारीच्या तोंडावर घालायला."

यात कुणाला काही नवल वाटलं नाही. आमच्याकडे पावसात जे उघड्यावर राहतं त्याला इरलं. भात लावताना वाकलेल्या बाईच्या पाठीवर इरलं, गुराख्याच्या डोक्यावर इरलं, सरपणाच्या ढिगावरसुद्धा जुनं इरलं. मोटारही भिजतच होती.

पण मी म्हटलं, "अरे, तोंड बंद होईल ना तिचं? तूच म्हणालास वारा पायजे."

"छपरासारखं पुढं धरू नि खालनं मोकळं ठेवू. पावसाचा वारा कसा गार असतो! काय होत नाय."

आमचे हे तिथंच बसले होते. यांनीच कोयत्यानं बांबूच्या कामट्या काढून दिल्या. मी सांगाडा विणला, पळसाची पानं लावली. देताना पुन्हा बजावलं, "हातभर मोकळं ठेव खालनं." हे हसून म्हणाले, "ऐक रे बहिणीचं. तुझ्यापरीस तिलाच जास्त कळतंय." यांचं हे वाक्य मी विसरलेले नाही. हे मात्र विसरले, आणि फार लवकर विसरले.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी माझी नणंद मुंबईहून बोटीनं येणार होती. पहिलटकरीण, दिवस भरत आलेले. तिला सोबत म्हणून मला मोटारीतून दासगावला धाडलं. येताना मोटार खच्चून भरली. बाजूचे पडदे सोडलेले, माणसं बोचकी मांडीवर घेऊन बसलेली, नणंद ओकून ओकून अर्धी झालेली. मी पुढं भावाच्या शेजारी. महाडपर्यंत इरलं छान राहिलं. महाड सोडलं आणि वारा समोरून सुटला. इरलं फडफडायला लागलं, वर उचलायला लागलं. भावानं मोटार उभी केली, सुंभाची दोरी काढली आणि इरलं तोंडावर दाबून गच्च आवळलं, वरून, खालून, चारी बाजूंनी.

मी पडद्यातून डोकं काढून ओरडले, "अरे, आवळू नको! वारा कुठनं जाईल?"

"गप बस गो! उडून गेलं म्हणजे? आता पोलादपूर कितीसं ऱ्हायलंय?"

पावसाच्या आवाजात हे आमच्या दोघांखेरीज कुणाला ऐकू गेलं नाही, आणि पडद्यांमुळे मागच्यांना काही दिसलंही नाही.

थोड्या वेळानं माझ्या तळपायांना खालची फळी गरम लागायला लागली. मग तेल करपल्याचा वास आला. मी त्याच्या दंडाला हात लावला, त्यानं झटकला. पोलादपूरच्या अलीकडच्या चढावर आतून ठणठण असा आवाज सुरू झाला, एकदम किंचाळल्यासारखं झालं आणि मोटार जागच्या जागी अडली. झाकण उघडलं तर इरलं गाल ओढून घेतल्यासारखं आत बसलेलं. पंख्यानं पानं कुरतडून नळात भरली होती. शेवटच्या सिलिंडरवर पावसाचे थेंब पडत होते आणि चर्र चर्र वाजत होते. भाऊ पांढराफटक पडला. "मेलो," म्हणाला, "मेलो, ताय." त्या क्षणी मला त्याची दयाच आली. काय मूर्ख बाई मी!

नणंदेला पावसातून चालवत जवळच्या झोपडीपर्यंत न्यावं लागलं, तिथून बैलगाडीनं घरी. ती तापानं फणफणली. पुढं सगळं नीट झालं, मुलगा झाला, पण त्या दिवशी घराच्या तोंडचं पाणी पळालं होतं. दुसऱ्या दिवशी बैल जुंपून मोटार ओढत आणली. भावजी ओटीवर उभे. मी माजघराच्या दाराआड. इरलं अजून तोंडावरच होतं, फाटकं.

"हे कुणी बांधलं?" भावजींनी विचारलं.

एरवी माझा भाऊ त्यांना दाजी म्हणायचा. त्या दिवशी मालक म्हणाला. "मालक, तायनं बांधलं. मी बंदरावर सामान चढवत व्हतो, तवर तिनं आपल्या मनानं आवळून टाकलं. बायकांना काय कळतंय वाऱ्याचं?"

माझ्या कानांवर विश्वास बसेना. मी दाराच्या फटीतून यांच्याकडे पाहिलं. हे खांबाला टेकून उभे होते. कामट्या यांनी काढलेल्या, बजावताना यांनी ऐकलेलं, यांनीच 'ऐक बहिणीचं' म्हटलेलं. एक शब्द बोलले असते तर पुरे होतं. हे पागोळ्यांकडे बघत राहिले, जणू घर कुणा दुसऱ्याचं आणि बायकोही दुसऱ्याचीच.

भावजी सासूबाईंना म्हणाले, "तिला सांग, आपल्याला कळत नाय त्यात हात घालू नये. पोटुशी पोर मारली असती हिनं." आणि आत गेले. मला थेट बोलायची सोय नव्हती. सासूबाईंना भावाचंच खरं वाटलं होतं, आणि खरं ठाऊक असलेली दोनच तोंडं ओटीवर होती. एकानं खोटं सांगितलं, दुसरं उघडलंच नाही.

संध्याकाळी भाऊ मागच्या दारी आला. माझे पाय धरले, रडला. "चार दिवस सांभाळून घे, ताय. नोकरी गेली तर मुंबईतपण मला कोण उभं करणार नाय. मालकांचा राग निवला की मी सोता सांगतो. आईची आण." मी त्याचे डोळे पुसले. यांना म्हटलं, "अवो, तुम्ही तरी सांगा." हे म्हणाले, "भाऊ तुझा हाय. तुमच्या दोघांत मी कशाला पडू?" वा रे वा! तोंडाला लागायची भीती थोरल्या भावाच्या, आणि आव न्यायाचा.

त्या दिवसापासून घरात माझा शब्द चालेना. कणगीतलं भात, कडधान्य, मीठ-मिरची इतकी वर्षं माझ्या हाती होतं. सासूबाईंनी ते काढून धाकट्या जावेकडे दिलं. "ही काय झाकील नि काय कुजवील, नेम नाय," म्हणाल्या. नणंद बाळाला माझ्या हाती द्यायला कचरायची. जाऊ तोंडात पदर घालून हसायची. मी सगळं गिळत होते ते एकाच आशेवर, की भाऊ एक दिवस ओटीवर उभा राहील आणि म्हणेल, इरलं मी आवळलं. मोटारीचं शिंग वाजलं की मी कान टवकारायचे. मुंबईचा फिटर आला, इंजिन उघडलं, नवं सामान घातलं, दसऱ्याला मोटार पुन्हा धावली. भाऊ रोज जेवून जायचा. माझ्याकडे बघायचा नाही, वाढ म्हणायचा तेवढंच.

तरी मी त्याला समजून घेत होते, खोटं नाही सांगत. भीतीनं बोलला, पोटासाठी बोलला. लहानपणापासूनच भित्रा. भीतीला मी माफ केलं असतं.

दिवाळीच्या तोंडावर महाडहून कासार आला. पडवीत आम्ही बायका बांगड्या भरायला बसलो. माझी मूठ त्याच्या हातात, तो ती दाबून दाबून बांगडी चढवत होता आणि त्याचं तोंड चालू होतं. "तुमच्या मोटारीनं आलो यावेळेला, ती बिनपाण्याची. ड्रायव्हर लय गमत्या हो! सांगत होता, त्याच्या बहिणीला वाटलं मोटारीला पडसं होईल, म्हणून तिनं इरलंच नेसवलं तिला! बहिणीची नक्कल काय करतो! पदर असा डोक्यावरून घेतो, 'भिजलीस गो माझे बाय' म्हणतो, नि मोटारीच्या तोंडावरनं हात फिरवतो. महाबळेश्वरचे लोकपण पोट धरून हसतात म्हणे. रोजचंच हाय त्याचं."

पडवीतल्या सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. कासाराला ठाऊक नव्हतं मी कोण ते. मी म्हटलं, "आणखी काय करतो नकलेत?" त्यानं बिचाऱ्यानं सगळं करून दाखवलं. माझं बोलणं, माझं पदर सावरणं, माझी मान वाकडी करायची सवय. हुबेहूब. ते फक्त त्यालाच ठाऊक असणार, कारण माझ्या कडेवर बसून त्यानं ते पाहिलं होतं.

आई गेली तेव्हा मी इतकी पोरकी झाले नव्हते. भीतीनं खोटं बोललेला माणूस आतून खात राहतो असं मी समजत होते. हा तर माझ्या नावावर रोज गाडीभर माणसं हसवत होता, आणि मी इथं त्याची वाट बघत बसले होते.

भाऊबीजेला तो आला. संध्याकाळची वेळ, भावजी ओटीवर, हे त्यांच्या शेजारी, सासूबाई झोपाळ्यावर. मी पाट मांडला होता, भोवती रांगोळी काढली होती. तो मागच्या दारी हात धुवायला आला तेव्हा मी त्याला धरलं. "आज सांग. भावजी ओटीवर हायत. एवढंच बोल, इरलं मी आवळलं. मग पाटावर बस, मी ओवाळते."

"आता कशाला जुनं उकरतेस गो? सगळी विसरली. लुगडं बघ, मुंबईवरनं मागवलंय."

"कासाराला करून दाखवलंस ते कोण विसरलं?"

तो चक्क हसला. "अगो, ती गंमत! घाटात उतारू कंटाळतात. तुझं नाव थोडंच घेतो मी? कुणाला कळतंय तू कोण ती?" आणि धोतराला हात पुसत पाटावर जाऊन बसला. तिथून हाक मारली, "ताय, आण गो तबक. मला महाडला परत जायचंय."

मी निरांजन लावलं. तबकात कुंकू, अक्षता, सुपारी घेतली. पाटापाशी गेले आणि थांबले नाही. त्याच्या बाजूनं, ओटीवरून, सगळ्यांच्या समोरून पायऱ्या उतरून आंगणात आले. बीजेची कोर डोंगराला टेकत होती, घटकाभरात गेली असती. आमच्याकडे जिला भाऊ नसतो ती त्या दिवशी चंद्राला ओवाळते, लहान पोरींनासुद्धा हे ठाऊक असतं. मी कोरीच्या दिशेनं कुंकवाचं बोट लावलं, अक्षता टाकल्या आणि ओवाळायला लागले.

"अगो, खुळी काय तू?" सासूबाई झोपाळ्यावरून उठल्या. "भाऊ पाटावर बसलाय ना तुझा! चंद्राला काय ओवाळतेस?"

मी वळले. पदर पुढं ओढला नाही. भावजींना ऐकू जाईल असं म्हटलं, "मला भाऊ नाय, सासूबाई. इरलं ज्यानं आवळलं त्याला विचारा, नाय तर कामट्या ज्यांनी काढून दिल्या त्यांना विचारा."

पाटावरचा खाली मान घालून बसला. भावजी एकदम ताठ झाले. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं नाही, यांच्याकडे पाहिलं आणि बघतच राहिले. सांगायला याहून सोपी वेळ पुन्हा कधी आली नसती. हे उठले, धोतर झटकलं आणि मला म्हणाले, "पानं घे आता. उशीर होतोय."

मी आत गेले, पानं मांडली आणि पाटावरच्याला नि यांना, दोघांनाही वाढलं.